पीतज्वराची पारख

रोग दिसणें ही एक गोष्ट आणि तो कोणता हें सिद्ध करणें ही दुसरी. अंग तापलेलें हाताला लागतें, डोळे पिवळे झालेले शेजाऱ्यालाहि दिसतात, काळ्या रक्ताची वांति झाली म्हणजे घरांतलें लहान मूलहि भिऊन जातें. परंतु हीं तिन्हीं लक्षणें एकत्र दिसलीं तरी रोगाचें नांव काय, ह्या प्रश्नानें दोन खंडांतील नामांकित वैद्यांना एक पिढीभर चकविलें. तो रोग म्हणजे पीतज्वर. आफ्रिका आणि अमेरिका ह्या खंडांच्या उष्ण भागांत त्यानें बंदरें ओस पाडलीं, सैन्यें गारद केलीं, पनामाच्या कालव्यावरील फ्रेंचांचें काम मोडून पाडण्यास हातभार लाविला. आपल्या देशांत त्याचें पाऊल कधीं पडलें नाहीं. पटकी आणि प्लेग हीं नांवें मराठींत शिव्याशापांपर्यंत जाऊन पोंचलीं. पीतज्वराच्या वांट्याला तेवढीहि ओळख आली नाहीं. तरीहि ह्या रोगाची प्रयोगशाळेंतील पारख कशी सांपडली, ह्या इतिहासांत हिंदुस्थानचा वांटा आहे, आणि तो विद्वानांच्या रूपानें नव्हे, तर माकडांच्या रूपानें.

आरंभीचा भाग बहुतेकांस ठाऊक आहे. हवाना येथील डॉ. कार्लोस फिनले ह्यांनीं १८८१ सालीं डासाकडे बोट दाखविलें. त्यांचें म्हणणें वीस वर्षें कोणी मनावर घेतलें नाहीं. १९०० सालीं अमेरिकन सैन्याचे डॉ. वॉल्टर रीड व त्यांचे सहकारी ह्यांनीं क्यूबांत प्रयोग करून तें खरें ठरविलें. हा डास म्हणजे रांजणांत, पिंपांत, फुटक्या कुंड्यांत सांचलेल्या पाण्यांत वाढणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडीस इजिप्ती; आपल्या शहरांतून डेंग्यू पसरवितो तोच. पुढच्या वर्षीं रीड व कॅरोल ह्यांनीं रोग्याच्या रक्तांतील सीरम, जंतु अडविणाऱ्या बारीक गाळणींतून गाळून निरोगी माणसास टोंचलें, तरी रोग झालाच. म्हणजे रोगाचें बीज सूक्ष्मदर्शकांत दिसणाऱ्या जंतूहून लहान होतें. आज त्याला विषाणु म्हणतात.

इतकें कळलें, पण पुढचें दार बंद होतें. हे सारे प्रयोग माणसांवर झाले होते, कारण पीतज्वर होणारा दुसरा प्राणी कोणास ठाऊक नव्हता. प्रयोगमंडळांतील डॉ. जेसी लझीअर हे १९०० सालीं ह्याच रोगानें दगावले. माणसावर पुन्हा पुन्हा असे प्रयोग करण्यास कोणाचें मन धजेना, आणि प्राण्यावांचून परीक्षा करतां येईना. डास मारले म्हणजे रोग हटतो, हें हवानांत व पनामांत सिद्ध झालें होतें. परंतु रोग दडून कोठें बसला आहे, हें शोधण्याचें साधन हातांत नव्हतें. आफ्रिकेंतल्या एखाद्या खेड्यांतील मूल दोन दिवस तापून बरें झालें, तर तें हिंवतापानें तापलें कीं पीतज्वरानें, हें कोण सांगणार?

ह्या अडचणींतून वाट काढण्यासाठीं १९१८ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची इक्वेडोरमधील ग्वायाकिल बंदरांत उतरले. गरीब शेतकरी कुटुंबांत जन्मलेला, लहानपणीं चुलींत पडून डावा हात भाजलेला हा मनुष्य निव्वळ कष्टानें जगांतील पहिल्या प्रतीच्या जंतुशास्त्रज्ञांत जाऊन बसला होता. थोड्याच अवधींत त्यांनीं रोग्यांच्या रक्तांतून मळसूत्रासारखा वळसे घेतलेला एक जंतु वेगळा काढला, गिनीपिगना टोंचला, त्यांना कावीळ झाली, आणि पीतज्वराचें कारण सांपडलें असें त्यांनीं जाहीर केलें. जंतूस नांव मिळालें, त्यापासून लस निघाली, उपचारासाठीं सीरम निघालें, आणि दोन्ही हजारों लोकांना टोंचण्यांत आलीं.

दुर्दैवानें तो जंतु पीतज्वराचा नव्हता. तापाबरोबर कावीळ आणि रक्तस्राव घडविणारा आणखी एक रोग आहे. उंदीर-घुशींच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून तो माणसास लागतो. मुंबईकरांस त्याचें नांव सांगावयास नको. पावसाळ्यांत गुडघाभर पाण्यांतून चालून घरीं आलेल्यांना डॉक्टर ज्या लेप्टोस्पायरोसिसची भीति घालतात तोच हा. नोगुचींनीं जे रोगी तपासले त्यांत ह्या रोगाचेहि रोगी मिसळले असले पाहिजेत. हार्वर्ड विद्यापीठांतील सेलर्ड्स व मॅक्स थायलर ह्यांनीं १९२६ सालीं दोन्ही जंतु ताडून पाहिले आणि ते एकच असल्याचें दाखविलें. त्याच सुमारास नोगुचींची लस बंद करण्यांत आली.

नोगुचींच्या मेहनतीला किंवा हातोटीला येथें नांवें ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. घोटाळा विचाराच्या मुळांतच होता. कोणत्या रोग्यास पीतज्वर आहे हें लक्षणांवरून आधीं ठरविलें गेलें, आणि मग त्याच रोग्यांत सांपडलेल्या जंतूवरून पीतज्वराची ओळख ठरली. खऱ्या नाण्याशीं ताडून न पाहतां खोट्या नाण्याचाच ठसा नमुना म्हणून घेतला, तर पुढें प्रत्येक खोटें नाणें खरेंच ठरावयाचें. शिवाय विद्वानाचें नांव मोठें असलें म्हणजे शंका काढणाराचा आवाज आपोआप लहान होतो; क्यूबांतील अग्रामॉन्ते ह्यांनीं काढलेल्या शंकांकडे कितीएक दिवस कोणीं लक्ष दिलें नाहीं.

इकडे रॉकफेलर फाउंडेशननें १९२५ सालीं पश्चिम आफ्रिकेंत एक मंडळ पाठविलें. नायजेरियांत लागोस शहराजवळ याबा येथें त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. रोग्यामागून रोगी तपासले, पण नोगुचींचा जंतु कोठेंच दिसेना. गिनीपिगना रक्त टोंचलें, व्यर्थ. आफ्रिकेंतील माकडांना टोंचलें, तीं खुशाल झाडाची पानें ओरबाडीत बसलीं. तेव्हां एक विचार पुढें आला, आणि ह्या साऱ्या कथेंत त्याच्याइतका साधा व समर्पक विचार दुसरा नाहीं. आफ्रिकेंतील माकडें पीतज्वराच्या सहवासांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलीं आहेत. त्यांना तो बाधत नसेल तर नवल काय? जेथें हा रोग कधींच गेला नाहीं अशा देशांतील माकड आणून पाहिलें तर? मंडळाचे प्रमुख डॉ. हेन्री बीउक्स ह्यांनीं हिंदुस्थानांतील माकडें मिळविलीं. त्यांत उत्तरेकडील देवळांच्या आवारांत व रेल्वे-स्टेशनांवर यात्रेकरूंच्या हातांतील चणे हिसकावणारें, तांबड्या तोंडाचें ऱ्हीसस माकड होतें.

दिनांक ३० जून १९२७ रोजीं गोल्ड कोस्ट वसाहतींत, म्हणजे आजच्या घानांत, क्पेवे नांवाच्या गांवीं डॉ. महॅफी ह्यांनीं एका रोग्याचें रक्त काढलें. रोगी अठ्ठावीस वर्षांचा, नांव असिबी. त्याला ताप होता, पण दुखणें बेताचेंच होतें. तो लवकरच बरा झाला. तें रक्त एका ऱ्हीसस माकडास टोंचलें. थोड्याच दिवसांत माकड मरणाच्या दारीं लागलें, आणि त्याच्या यकृतांत तेच बदल दिसले जे पीतज्वरानें मेलेल्या माणसाच्या यकृतांत दिसत. त्याचें रक्त दुसऱ्या माकडास, दुसऱ्याचें तिसऱ्यास, तसेंच डासांच्या मार्फत, असा रोग चालू ठेवतां आला. नोगुचींचा जंतु ह्यांपैकीं एकाहि माकडांत नव्हता. रोगाचें बीज प्रथमच माणसाच्या देहाबाहेर कायमचें राखतां आलें. त्याच वर्षीं सेनेगालमधील डाकार येथें सेलर्ड्स आणि त्यांचे फ्रेंच सहकारी ह्यांनींहि दुसऱ्या एका रोग्यापासून तें असेंच मिळविलें.

याबा येथील कामाचे धनी तिघे: एड्रियन स्टोक्स, योहानेस बाउअर आणि पॉल हडसन. स्टोक्स हे लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे प्राध्यापक. माकडांचीं शवें हातानें फाडतांना त्यांनीं पुरेशी काळजी घेतली नसावी. हा विषाणु न फाटलेल्या कातडींतूनहि आंत शिरतो, हें पुढच्याच वर्षीं कळून आलें. सप्टेंबर महिन्यांत ते तापले. आजारी असतांनाच त्यांनीं आपलें रक्त माकडांना टोंचावयास सांगितलें, आणि १९ सप्टेंबर १९२७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. तिघांच्या नांवें निबंध छापून आला तो १९२८ च्या जानेवारींत.

नोगुचींना हें वृत्त समजल्यावर ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. १९२७ च्या नोव्हेंबरांत ते स्वतः अक्रा येथें आले आणि तेथील ब्रिटिश प्रयोगशाळेंत रात्रीचा दिवस करून शेंकडों माकडांवर प्रयोग करूं लागले. २१ मे १९२८ रोजीं पीतज्वरानेंच त्यांचा अंत झाला. त्यांची शवपरीक्षा त्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. विल्यम यंग ह्यांनीं केली. आठ-नऊ दिवसांत तेहि गेले. १९२९ सालीं ब्राझिलमध्यें पॉल लुइस गेले, १९३० सालीं लागोसला थिओडोर हेन गेले. रोगाची परीक्षा करणें हेंच रोगाइतकें जीवघेणें झालें होतें.

पण परीक्षा हातीं आली होती. तिचें तत्त्व असें. पीतज्वरांतून जो उठला त्याला तो पुन्हा होत नाहीं, कारण त्याच्या रक्तांत त्या विषाणूला निकामी करणारें द्रव्य तयार झालेलें असतें व तें जन्मभर टिकतें. अशा माणसाचें सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर गाठीभोंवतीं सुटणारा पिवळसर निर्मळ द्रव, माकडास देऊन मग विषाणु टोंचला तर माकड वांचतें. दुसऱ्या कोणाचें सीरम दिलें तर तें मरतें. माकडाचें जगणें-मरणें हाच निकाल. ह्या रीतीनें सॉयर व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९३० सालीं दाखवून दिलें कीं, अमेरिकेंत पीतज्वरांतून उठलेल्यांचें सीरम आफ्रिकेच्या विषाणूपासून माकडास वांचवितें. तेव्हां दोन्ही खंडांतील रोग एकच, आणि लेप्टोस्पायराचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. वाद मिटला.

मात्र माकड महाग, पोसावयास अवघड, आणि चावलें तर जिवावर बेतणार. हजारों माणसांची परीक्षा त्याच्यावर कशी करावयाची? येथें मॅक्स थायलर पुन्हा पुढें येतात. दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेल्या ह्या तरुण शास्त्रज्ञानें १९३० सालीं प्रसिद्ध केलें कीं, विषाणु पांढऱ्या उंदराच्या मेंदूंत टोंचला तर उंदराला मेंदूचा दाह होऊन तो मरतो. एका उंदराच्या मेंदूंतून दुसऱ्याच्या मेंदूंत असा तो पुष्कळदां फिरविला म्हणजे उंदरांना तो अधिकाधिक घातक होतो आणि माकडांना सौम्य. ह्या कामांत थायलरना स्वतःलाहि पीतज्वर झाला होता. ते सुदैवानें बचावले, आणि त्यांच्याच सीरममध्यें रक्षक गुण उतरला.

१९३१ सालीं सॉयर व लॉइड ह्यांनीं ह्या शोधाला सोयीचें रूप दिलें. तें वाचून प्रथम हसूं येतें. उंदराच्या मेंदूंत स्टार्चचें पाणी, म्हणजे कपड्यांना द्यावयाच्या खळीसारखा द्रव, टोंचावयाचा. त्यानें मेंदूला किंचित् इजा होते. मग पोटांत विषाणु आणि परीक्षेसाठीं आलेलें सीरम हीं दोन्हीं द्यावयाचीं. सीरममध्यें रक्षक द्रव्य नसेल तर विषाणु रक्तांतून त्या दुखऱ्या मेंदूकडे धांवतो आणि उंदीर मरतो. असेल तर वाटेंतच नष्ट होतो. सुमारें दहा दिवस पिंजऱ्याकडे पाहत बसावयाचें आणि मेलेले-जगलेले मोजावयाचे. त्याच वर्षीं प्रयोगशाळेंतील माणसांनाहि विषाणु आणि रक्षक सीरम एकत्र टोंचण्याची सोय झाली, आणि शास्त्रज्ञांची मृत्यूंची माळ थांबली.

ह्या क्षुद्र उंदरांनीं जगाचा एक नकाशा काढून दिला. गांवोगांव जाऊन निरोगी माणसांचें थोडें थोडें रक्त घ्यावयाचें, वय लिहून ठेवावयाचें, आणि सीरम उंदरांवर पारखावयाचें. एखाद्या गांवांत तिशीच्या पुढच्यांतच रक्षक द्रव्य सांपडलें, तर रोग तीस वर्षांपूर्वीं येऊन गेला. सात वर्षांच्या पोरांत सांपडलें, तर तो गेल्या सात वर्षांत तेथें होता, मग दवाखान्याच्या वहींत त्याची नोंद असो वा नसो. दक्षिण अमेरिकेंत ही रीत अवलंबिल्यावर कांहीं चमत्कारिक गोष्टी दिसूं लागल्या: शहरें साफ, पण आंतल्या जंगलाकडच्या वस्तींतील लोकांत रोगाच्या खुणा, आणि तेथें एडीस इजिप्ती औषधालाहि नाहीं. १९३२ सालीं ब्राझिलमधील एस्पिरितो सांतो प्रांतांत फ्रेड सोपर ह्यांनीं असा एक उद्रेक पाहिला. पुढें उलगडा झाला कीं, रानांत झाडांच्या शेंड्यांवर राहणारीं माकडें आणि तेथेंच वावरणारे दुसऱ्या जातीचे डास ह्यांच्यामध्यें हा रोग मुळांतच फिरत असतो. लांकूडतोड्या झाड पाडतो तेव्हां डास खालीं येऊन त्याला चावतो. पीतज्वर जगांतून समूळ नाहींसा करूं, ही उमेद त्या दिवशीं मावळली.

सॉयर, बाउअर व व्हिटमन ह्यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत उत्तर अमेरिका, युरोप, आशिया, ऑस्ट्रेलिया येथील सीरमहि तपासलें. आशिया खंड पीतज्वरापासून मुक्त आहे, हें केवळ डॉक्टरांच्या आठवणीवर अवलंबून राहिलें नाहीं. ही गोष्ट जितकी समाधानाची तितकीच काळजीची. हिंदुस्थानांत डास मुबलक, माणसें अगणित, आणि त्यांतल्या एकाच्याहि रक्तांत ह्या रोगाविरुद्ध कवच नाहीं. ज्या कारणामुळें आपलें माकड प्रयोगशाळेला उपयोगी पडलें, त्याच कारणामुळें आपली माणसें धोक्यांत होतीं. पनामाचा कालवा खुला होण्यापूर्वींच सर पॅट्रिक मॅन्सन ह्यांनीं ही धास्ती बोलून दाखविली होती. विमानें सुरू झाल्यावर ती वाढली.

पीतज्वराच्या शोधांत निघालेल्यांना वाटेंत भलतेच विषाणु भेटले. युगांडांतील एंटेबे येथें १९३६ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत १९३७ सालीं वेस्ट नाइलचा विषाणु सांपडला. १९४७ सालीं तेथल्या झिका नांवाच्या रानांत, झाडावर पिंजऱ्यांत टांगून ठेवलेलें एक ऱ्हीसस माकड तापलें. त्याच्या रक्तांत पीतज्वर नव्हता, नवाच विषाणु होता. हे सारे एकाच घराण्यांतले. ह्या घराण्याचें शास्त्रीय नांवहि 'पिवळा' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलें. आणि भाऊबंदकीप्रमाणें त्यांच्या रक्षक द्रव्यांतहि सरमिसळ असते. १९५२ सालीं रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकसंशोधन परिषद ह्यांनीं पुण्यास विषाणु-संशोधन केंद्र काढलें. १९७८ पासून तें राष्ट्रीय विषाणु-विज्ञान संस्था म्हणून ओळखलें जातें. तेथें स्मिथबर्न, कर व गटणे ह्यांनीं भारतांतील लोकांचें सीरम अनेक विषाणूंशीं उंदरांवर ताडून १९५४ सालीं निष्कर्ष छापले. कांहीं सीरमनीं झिकालाहि निकामी केलें. परंतु तो पुरावा झिकाचा कीं डेंग्यूसारख्या त्याच्या एखाद्या चुलत भावाचा, ह्याबद्दल पुढील शास्त्रज्ञांनीं शंका घेतली, आणि ती रास्त होती.

पुण्याच्या केंद्राची खरी कसोटी १९५७ च्या मार्चमध्यें लागली. म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या रानांत माकडें पटापट मरूं लागलीं, आणि आसपासच्या खेड्यांतील माणसेंहि तापानें आजारी पडून मरूं लागलीं. रानांत माकडें मेलेलीं दिसणें ही दक्षिण अमेरिकेंत पीतज्वराची ठरलेली वर्दी. ज्या क्षणाची अर्धें शतक धास्ती होती तो आला कीं काय, असें सर्वांच्या मनांत आलें. केंद्राचे डॉ. टेलफोर्ड वर्क, डॉ. हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी रानांत गेले. मेलेल्या माकडांचे अवयव व रोग्यांचें रक्त पुण्यास आणून उंदरांच्या पिलांना टोंचलें. विषाणु निघाला. तो पीतज्वराच्या घराण्यांतला होता, पण पीतज्वर नव्हता. रशियांतील अरण्यांत होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशीं त्याचें नातें जवळचें होतें, आणि तो डासांनीं नव्हे तर गोचिडींनीं पसरत होता. केवळ लक्षणांवर विसंबून देशभर पीतज्वराचा डांगोरा पिटला गेला असता तर बंदरें बंद झालीं असतीं, डासांमागें पैसा ओतला गेला असता, आणि गोचीड सुखानें रानांत राहिली असती. क्यासनूरच्या ह्या तापास लोक माकडताप म्हणतात. २०१५ सालीं तो गोव्यांतील सत्तरी भागांत आणि २०१६ सालीं सिंधुदुर्ग जिल्ह्यांतहि दिसून आला.

आतां उंदरांच्या ऐवजीं बहुतेक ठिकाणीं कांचेच्या व प्लास्टिकच्या तबकड्यांत वाढविलेल्या पेशी वापरतात. सीरमनें विषाणु निकामी झाला कीं नाहीं हें पेशींच्या थरांत पडणाऱ्या भोंकांवरून मोजतात. तत्त्व मात्र सॉयरचेंच. दुखण्याच्या पहिल्या कांहीं दिवसांत रक्तांतील विषाणूचें बीजद्रव्य पीसीआर नांवाच्या पद्धतीनें थेट ओळखतां येतें. अंगोलांत २०१६ सालीं मोठी सांथ आली, तेव्हां तेथून परतलेल्या अकरा जणांच्या रक्तांत चीनमध्यें पीतज्वर सांपडला. आशियांत आलेल्या पीतज्वराची तीच पहिली निश्चित नोंद. तो तेथें पसरला नाहीं.

पहिल्या आठवड्यानंतर विषाणु रक्तांतून नाहींसा होतो आणि मग रक्षक द्रव्यांवरूनच निदान करावें लागतें. येथें जुनी अडचण अजून उभी आहे: डेंग्यू, झिका किंवा वेस्ट नाइल होऊन गेलेल्याचें सीरमहि पीतज्वराला अर्धवट होकार देतें. शिवाय थायलर व स्मिथ ह्यांनीं १९३७ सालीं जी लस सिद्ध केली, आणि जिच्यासाठीं थायलरना १९५१ चें नोबेल पारितोषिक मिळालें, ती असिबीच्या रक्तांतून निघालेल्या विषाणूपासूनच झालेली आहे. मुंबईहून आफ्रिकेंत जाणारा प्रवासी ती टोंचून दाखला घेतो. २०१६ पासून तो दाखला जन्मभर चालतो. त्या प्रवाशाचें सीरमहि परीक्षेंत होकारच देणार. म्हणून परतल्यावर तो तापला आणि त्याचें रक्त प्रयोगशाळेंत गेलें, तर रक्ताबरोबर त्यानें लस कधीं टोंचून घेतली ती तारीखहि लिहून पाठवावी लागते.